शितावरून भाताची परीक्षा



भात शिजला की नाही हे पाहायला आई सगळा गंज रिकामा करत नाही. पळी खालपर्यंत घालते, दोन शिते काढते आणि बोटाने दाबून पाहते. ती दोन शिते म्हणजे नमुना. यालाच वानगी असेही म्हणतात.

आता वावरातले पाहा. एका एकरातली वीतभर खोलीची माती जवळजवळ 10 लाख किलो भरते. प्रयोगशाळेत मात्र अर्धा किलोच पाठवायची! म्हणून ती नीट घ्यावी लागते. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करावा. त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यावी. सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावे. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. धुऱ्याजवळची, झाडाखालची, ढोरे बांधतात तिथली माती घेऊ नये. ती साऱ्या वावराची साक्ष देत नाही. मग खताचा सल्ला चुकतो आणि पैसा वाया जातो.

दवाखान्यात हिवतापासाठी बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हिवतापाचे जंतू शोधतात. काचपट्टीवर नाव चुकले तर? आजारी एक आणि औषध दुसऱ्याला!

कापसाचा व्यापारी गाडीतला मूठभर कापूस ओढून धाग्याची लांबी आणि ओलावा पाहतो. हुशार व्यापारी वरचा घेत नाही, आतला घेतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ फुलाफळांसह फांदी कागदात दाबून वाळवतात, जाड कागदावर चिकटवतात. जागा आणि तारीख लिहितात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र 1955 साली सुरू झाले. तिथे असे नमुने जपून ठेवले आहेत. नव्या वनस्पतीला नाव देतानाही एक नमुना कायमचा ठेवावा लागतो. पुढे शंका आली की त्याच्याशीच ताडून पाहतात.

म्हणजे नमुना छोटा, पण निकाल मोठा. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा: नमुना साऱ्या वस्तूचा असावा, आणि सोबत चिठ्ठी असावी. चिठ्ठी नसलेली माती म्हणजे नुसतीच माती!

पालकांना विनंती, पऱ्हाटी उपटून वावर रिकामे झाले की, खत टाकण्याआधी मातीचा नमुना घ्या. पिशवीत नाव, गाव, गट क्रमांक, तारीख आणि आधीचे पीक लिहिलेली चिठ्ठी टाका. चिठ्ठी आम्ही लिहून देऊ!