मागच्या जोडचाकांची हवा

पेणहून गणेशमूर्ती भरून निघालेला ट्रक असो की रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतला ट्रेलर, पुढच्या चाकाची हवा उतरली की स्टिअरिंग ओढू लागते. मागच्या जोडचाकांतल्या एकाची उतरली, तर चालकाला पत्ताच लागत नाही. शेजारचे चाक जास्तीचा भार घेते, टायर तापतो आणि फुटतो. मूर्ती नेणाऱ्यांनी तरी हा धोका पत्करू नये.

दाब दाखवणारा सेन्सर वॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसतो आणि आतला दाब व तापमान रेडिओलहरींनी केबिनमधल्या पडद्यावर पाठवतो. लांब ट्रेलरच्या शेवटच्या चाकांपासून लहरी क्षीण होतात. तिथे मध्ये रिपीटर लावतात. इशाऱ्याची पातळी टायर थंड असताना, म्हणजे गाडी साधारण 3 तास उभी राहिल्यावर ठरवावी. वडखळपर्यंत उन्हात चालून आकडा चढला म्हणून हवा सोडणे फार घातक. टायर थंडावला की दाब गरजेपेक्षा खाली जातो.

केंद्राने 2020 मध्ये 3.5 टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास स्टेपनीतून सूट दिली. मालवाहू गाडीने स्टेपनी ठेवावीच. टायरच्या भिंतीवरची चीर सेन्सरला दिसत नाही.