नव्या वाट्या बसवण्यापूर्वी

घोड नदीकाठच्या इनामगावसारख्या गावांत उतारवयातही शेतावर सायकलने जाणारे अनेक जण असतात. हा व्यायाम हितावहच आहे. परंतु संथ गतीत सायकलचा तोल हँडलच्या सूक्ष्म हालचालींवर सांभाळला जातो. हँडल अडखळले की तोल जातो, आणि हाडे ठिसूळ झालेल्या वयात अशा पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते.

घरातील कोणी पुढचे चाक उचलून हँडल फिरवून पाहावे. ते मध्येच अडकत असेल, तर आतील वाट्या व छर्रे बहुधा झिजलेले असतात.

मात्र नव्या वाट्या नुसत्या ठोकून भागत नाही. मेकॅनिककडून आधी फ्रेमचा पुढचा नळा तयार करून घ्यावा. त्यातील गंज, चिखल व जुने ग्रीस काढावे. तडा नाही ना, ते पाहावे. नळ्याच्या वरच्या व खालच्या कडा सपाट आणि परस्परांना समांतर हव्यात. नसल्यास योग्य हत्याराने तासून घ्याव्यात. मग ग्रीसचा पातळ थर देऊन वाट्या सरळ दाबून बसवाव्यात. तिरकी बसलेली वाटी नवी असली तरी अडखळतेच.

पहिली फेरी घरातील तरुणाने मारावी. हँडल सहज वळले, तरच सायकल ज्येष्ठांच्या हाती द्यावी.