भाग ७ : स्पॅनिशची शंभर रूपे, कोर्लईची चार

मागच्या भागात आपण स्पॅनिश नामांचे लिंग आणि वचन पाहिले. या आठवड्यात क्रियापद. मराठी माणूस स्पॅनिशची वही मिटून ठेवतो, तो बहुधा याच धड्यावर. एका नियमित क्रियापदाची साधी रूपेच चाळीसहून अधिक. संयुक्त काळ धरले की आकडा शंभराच्या घरात जातो. पण ही शंभर रूपे पाठ करायची नसतात. चार-पाच प्रत्ययमालिका आणि एक स्वर एवढे हाती असले की उरलेली रूपे आपली आपण तयार करता येतात. क्रियापद नियमित आहे, याचा अर्थ तेवढाच.

उदाहरणाला 'कान्तार', म्हणजे गाणे, हे क्रियापद घेऊ. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या सख्ख्या बहिणींमध्ये ते सारखेच आहे. पोर्तुगीजांच्या तोंडून ते चारशे वर्षांपूर्वी आजच्या रायगड जिल्ह्यात आले आणि अजून इथे बोलले जाते. तिकडे आपण लेखाच्या उत्तरार्धात वळू. आधी स्पॅनिश तक्ता उलगडू.

तीन गण

स्पॅनिश क्रियापदाचे मूळ रूप नेहमी 'र'ने संपते. त्या 'र'च्या आधीचा स्वर पाहायचा. आ असेल तर पहिला गण : कान्तार. ए असेल तर दुसरा : बेबेर, म्हणजे पिणे. ई असेल तर तिसरा : बिबीर, म्हणजे राहणे किंवा जगणे. हा एक स्वर ओळखला की क्रियापद पुढे कसे चालणार ते कळते.

मराठीला ही गोष्ट परकी नाही. तो बसेल, पण तो करील. सुटेल आणि सोडील, पडेल आणि पाडील, मरेल आणि मारील. जुन्या वळणाच्या मराठीत अकर्मक धातू ए घेतात आणि सकर्मक धातू बहुतेक ई घेतात. कथाकीर्तनातले 'तो बसे' आणि 'तो करी' हेही त्याच हिशेबातले. आज 'करेल', 'मारेल' सर्रास ऐकू येते. म्हणजे मराठीचे हे दोन गण आपल्या डोळ्यांदेखत एकमेकांत मिसळत आहेत.

वर्तमानकाळ

'कान्तार'मधला 'आर' काढला की 'कान्त' उरते. त्याला सहा प्रत्यय लागतात. मी : कान्तो. तू : कान्तास. तो किंवा ती : कान्ता. आम्ही : कान्तामोस. तुम्ही : कान्ताइस. ते : कान्तान.

रूपातच कर्ता कळत असल्यामुळे सर्वनाम गाळता येते. आपणही 'जेवलास का?' असेच विचारतो, 'तू' वेगळा लागत नाही. एक ओझे मात्र स्पॅनिशमध्ये कमी आहे. आपल्याकडे तो गातो आणि ती गाते. तिथे दोघांनाही 'कान्ता' चालते; क्रियापदाला लिंग नाही. आदराने बोलायचे असेल तर समोरच्यालाही तृतीय पुरुषाचेच रूप लावायचे.

दुसऱ्या गणात आ-च्या जागी ए घाला : बेबो, बेबेस, बेबे, बेबेमोस, बेबेइस, बेबेन. तिसरा गण बराचसा दुसऱ्यासारखाच चालतो. ई दिसते ती फक्त 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांत : बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबीस, बिबेन.

दोन भूतकाळ

'काल मी गायलो' आणि 'लहानपणी मी गायचो' यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात काम झाले आणि संपले. दुसऱ्यात रीत आहे, सवय आहे. स्पॅनिशमध्ये त्यासाठी दोन मालिका आहेत. संपलेल्या कामासाठी कान्ते, कान्तास्ते, कान्तो, कान्तामोस, कान्तास्तेइस, कान्तारोन. रीतीसाठी कान्ताबा, कान्ताबास, कान्ताबा, कान्ताबामोस, कान्ताबाइस, कान्ताबान. दुसऱ्या आणि तिसऱ्या गणात 'आबा'च्या जागी 'ईया' येते : बेबीया, बिबीया.

इथे कान उघडे ठेवावे लागतात. 'कान्तो' म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी गातो', शेवटच्या अक्षरावर दिला तर 'तो गायला'. लिहिताना ओ-वर छोटी तिरकी रेघ देतात. बोलताना सारी भिस्त आघातावर.

भविष्यकाळ आणि संयुक्त काळ

हा भाग सर्वांत सोपा आहे, कारण इथे मूळ रूपाची मोडतोड करावी लागत नाही. 'आबेर' नावाचे एक साहाय्यक क्रियापद आहे. त्याची वर्तमानकाळी रूपे : ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. ती एकदा शिकून दोन ठिकाणी वापरायची.

मूळ रूपाच्या शेवटी जोडली की भविष्यकाळ होतो : कान्तारे, कान्तारास, कान्तारा, कान्तारेमोस, कान्तारेइस, कान्तारान. जोडताना 'आबेइस'मधले 'आब' तेवढे गळते. तीच रूपे 'कान्तादो' या धातुसाधिताच्या आधी सुटी ठेवली की पूर्ण वर्तमानकाळ : ए कान्तादो, म्हणजे 'मी गायलो आहे'. आपण 'आहे' मागे ठेवतो, ते पुढे ठेवतात. मांडणी उलटी असली तरी युक्ती एकच. चालू क्रियेसाठी दुसरे धातुसाधित आहे : कान्तान्दो, म्हणजे 'गात'. कान्तादो आणि कान्तान्दो ही जोडी लक्षात ठेवा. कोर्लईत ती पुन्हा भेटेल.

चार अर्थ

काळानंतर अर्थ. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि पुढे शालेय व्याकरणांतून स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे शब्द आपल्या ओळखीचे झाले. स्पॅनिशला ते बऱ्याच अंशी लागू पडतात. आतापर्यंत पाहिले ते सगळे स्वार्थात मोडते : घडले ते सांगितले, हेतू दुसरा नाही.

संकेतार्थासाठी मूळ रूपाला 'ईया'ची मालिका लावायची : कान्तारीया, म्हणजे 'मी गायलो असतो', 'मी गाईन, पण…' या छटेचे रूप.

खरी परीक्षा विध्यर्थाच्या भावंडाची. इच्छा, शंका, विनंती, भीती यांच्या मागून येणारे वाक्य स्पॅनिशमध्ये वेगळ्या रूपात जाते आणि तिथे स्वरांची अदलाबदल होते. आ-गणाला ए लागतो : कान्ते, कान्तेस, कान्ते, कान्तेमोस, कान्तेइस, कान्तेन. ए आणि ई गणांना आ लागतो : बेबा, बिबा. 'किएरो के कान्तेस' म्हणजे 'तू गावंस अशी माझी इच्छा आहे'. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे या रूपापाशी फार अडखळतात. 'गातोस' आणि 'गावंस' यांतला फरक ज्याच्या जिभेवर आहे त्याने अडखळण्याचे कारण नाही.

आज्ञार्थात 'गा' म्हणजे 'कान्ता'. 'गाऊ नको' म्हणायचे झाले की मात्र रूप बदलते : 'नो कान्तेस'. नकार आला की विध्यर्थाकडून रूप उसने घ्यायचे. मराठीतही नकारात रूप बदलतेच. 'गा'चे 'गाऊ' होते. हा ऊ ध्यानात ठेवून आता रायगडात येऊ.

वडखळचा फाटा

वडखळ नाक्यावर मुंबई–गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा फुटतो. पोर्तुगीजांच्या खुणा शोधणारे बहुतेक लोक इथून सरळ गोव्याकडे जातात. त्यांनी उजवीकडे वळावे. पोयनाड, अलिबाग, चौल, रेवदंडा करत रस्ता कुंडलिकेच्या खाडीवर येतो. हीच कुंडलिका वर रोह्यावरून वाहत आलेली असते. पूल ओलांडला की मुरूड तालुक्यातले कोर्लई.

खाडीच्या मुखावरचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. त्या वेळी पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा दुसरा फिलिप होता. १५८० ते १६४० ही साठ वर्षे दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी चौल, रेवदंडा, कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज सत्ता गेली, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीतली बोली राहिली. पोर्तुगीज शिपाई आणि इथली माणसे यांच्या व्यवहारातून ती घडली होती. 'क्रिस्ती' किंवा 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', या नावांनी ती ओळखली जाते आणि बोलणारे सुमारे हजारभर आहेत. इंडियाना विद्यापीठाचे जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा सविस्तर अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

या भाषेत 'गाणे' चार रूपांत संपते. काता : मूळ रूप. कातो : भूतकाळ. कातान : चालू क्रिया. काताद : पूर्ण झालेली क्रिया. वरच्या तक्त्याशी ताडून पाहा. काता म्हणजे 'कान्तार'मधला 'र' गळलेला. कातान म्हणजे 'कान्तान्दो', काताद म्हणजे 'कान्तादो'. आणि कातो हे 'तो गायला'चे रूप. ते आता मी, तू, आम्ही, ते या सर्वांना चालते.

म्हणजे पुरुष-वचनाचे सहा-सहा प्रत्यय गेले. ते काम सर्वनामाकडे आले. 'मी'ला इथे स्पॅनिशप्रमाणेच 'यो' म्हणतात. कानांनी ऐकून, व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय भाषा उचलताना माणसे हे असेच करतात : जे दुसऱ्या शब्दावरून कळते ते क्रियापदावर पुन्हा लादत नाहीत. वाक्यरचनाही मराठीच्या सहवासात बदलली; कर्म आधी, क्रियापद शेवटी.

गण मात्र गेले नाहीत. पिणे : बेबे, बेबेव, बेबेन, बेबिद. उठणे : इर्गी, इर्गीव, इर्गीन, इर्गीद. आ, ए, ई हे तिन्ही स्वर आपापल्या जागी शाबूत आहेत. अर्थाच्या दृष्टीने या स्वरांना काहीच काम नाही. काम असलेले प्रत्यय गळाले आणि बिनकामाचा स्वर टिकला, ही भाषाशास्त्रज्ञांना चकित करणारी गोष्ट आहे.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. कोर्लईच्या भाषेत चौथा गण आहे आणि तो ना पोर्तुगीजमध्ये सापडतो ना स्पॅनिशमध्ये. त्याचा स्वर ऊ, आणि मराठीतून आलेली क्रियापदे या गणात जातात. 'तापणे'वरून तेपू. चालू क्रिया तेपून, पूर्ण क्रिया तेपूद. भूतकाळात रूप तेपूच राहते. शेवटचे न आणि द पोर्तुगीज, धातू मराठी. हा ऊ 'करू नको', 'उठू दे', 'गाऊ लागला' या आपल्या रोजच्या रूपांतला असावा, असे रूपसाम्यावरून वाटते.

नवे शब्द कोणत्या गणात घ्यायचे, हे प्रत्येक भाषा ठरवते. स्पॅनिशमध्ये नवी क्रियापदे आ-गणात जातात. इंटरनेटवर गप्पा मारणे म्हणजे 'चातेआर', आणि ते 'कान्तार'सारखेच चालते. मराठीने फारसीतून आलेल्या शब्दांना थेट 'णे' लावून 'बदलणे', 'फर्मावणे', 'खर्चणे' केले. इंग्रजी शब्दांच्या मागे आपण 'करणे' जोडतो. या दोन्ही भाषांनी पाहुण्यांना जुन्याच घरात जागा दिली. कोर्लईने मराठी क्रियापदांसाठी नवी खोली बांधली.

म्हणून या बोलीला मोडकी पोर्तुगीज म्हणणे चूक आहे. नियमितपणाच्या कसोटीवर तिचे क्रियापद स्पॅनिशहून सरस ठरते : चार गण, प्रत्येकी चार रूपे, झाले. तिची चिंता वेगळी आहे. कोचीनच्या अशाच भाषेचे अखेरचे अस्खलित भाषक विल्यम रोझारियो २०१० मध्ये वारले आणि ती भाषा संपली. कोर्लईत भाषा घराघरांत आहे, पण शाळा आणि बाजार मराठीचे आहेत. किल्ला पाहायला जाणाऱ्यांनी गावात थांबून तिची आदराने चौकशी करावी.

आता गृहपाठ. 'आब्लार' म्हणजे बोलणे. पहिला गण, पूर्ण नियमित. त्याची वर्तमानकाळातील सहा, भविष्यकाळातील सहा आणि विध्यर्थातील सहा रूपे लिहून काढा. 'बोलू नकोस'साठी कोणते रूप लागेल, तेही लिहा. उत्तरे पुढच्या भागात. त्या भागात सेर, इर आणि तेनेर ही नियम न पाळणारी तीन क्रियापदे घेऊ.