शाळेत मारामारी केली, सस्पेंड झाला. पण भांडण मिटलं का?

दोन मुलांची शाळेत मारामारी झाली. एकाला आठवडाभर घरी बसवलं. ज्यानं मार खाल्ला, त्याला कुणी काही विचारलंच नाही. ज्यानं मारलं, त्याचा अभ्यास बुडाला. असे दिवस साठत गेले की विषय राहतात, शाळा सुटते आणि कॉलेजचा अर्ज भरायची वेळच येत नाही. अमेरिकेत ही शिक्षा गोऱ्या मुलांपेक्षा कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला जास्त येते.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात यावर वेगळा मार्ग निघाला. नागरी हक्कांच्या वकील फानिया डेव्हिस यांनी २००५ मध्ये ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस फॉर ओकलंड यूथ’ ही संस्था सुरू केली. २००७ मध्ये तिथल्या एका शाळेत प्रयोग झाला. २०१० मध्ये शहराच्या शाळा मंडळानं हे धोरण म्हणून स्वीकारलं.

यात नेमकं काय होतं?

सगळे गोल करून बसतात. एक वस्तू हातोहात फिरते. ती ज्याच्या हातात, तोच बोलणार. काय झालं? कुणाला त्रास झाला? आता भरपाई कशी करायची? उत्तरं मुलांनीच शोधायची.

म्हणजे चूक करणाऱ्याला मोकळं सोडायचं का? अजिबात नाही. घरी बसणं सोपं असतं. ज्याला मारलं, त्याच्या डोळ्यांत बघून चूक कबूल करणं जास्त अवघड. आणि ते झालं की दुसऱ्या दिवशी दोघंही वर्गात असतात.