सूर चढतो, स्वर हरवतो

ऑपेरा या पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या रसिकांचे वाद ऐकले, की आपल्याकडच्या नाट्यसंगीताच्या जुन्या श्रोत्यांची आठवण होते. कोणाचा आवाज मोठा, कोणाची फिरत स्वच्छ, कोणाला कितवा 'वन्समोअर' मिळाला, यावर रात्र सरते. अशा वादांत एक मुद्दा हटकून निघतो. तो म्हणजे शब्दोच्चाराचा. एक जण म्हणतो, "काय आवाज आहे!" दुसरा विचारतो, "हो, पण ती म्हणाली काय?"

हा प्रश्न जोन सदरलँड या गायिकेबद्दल जितका विचारला गेला, तितका क्वचितच कोणाबद्दल विचारला गेला असेल. १९२६ मध्ये सिडनीत जन्मलेल्या सदरलँडबाई १९५१ मध्ये लंडनला आल्या आणि पुढच्याच वर्षी कॉव्हेंट गार्डनच्या रंगभूमीवर छोट्या भूमिका करू लागल्या. १७ फेब्रुवारी १९५९ या दिवशी त्यांनी तेथे दोनिझेत्तीच्या 'लुचिया दी लाम्मेरमूर'मधली नायिका रंगवली आणि एका रात्रीत त्यांचे नाव झाले. १९६० मध्ये व्हेनिसला हँडेलचा 'अल्चीना' गायल्यावर इटालियन रसिकांनी त्यांना 'ला स्तुपेंदा', म्हणजे थक्क करून सोडणारी, असे बिरूद बहाल केले. १९९० मध्ये त्या रंगभूमीवरून निवृत्त झाल्या; २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा आवाज भरदार होता आणि तरीही चपळ होता. हे दोन गुण सहसा एकत्र नांदत नाहीत. पण शब्द कळत नाहीत ही तक्रार त्यांच्या कारकिर्दीत सतत होत राहिली. विरोधी पक्ष लगेच मारिया कॅलास यांचे उदाहरण पुढे करी. कॅलासबाईंचा आवाज तितका नितळ नसेल, पण शब्द कसा जिवंत होतो पाहा!

या वादात भौतिकशास्त्राला थोडे बोलू दिले, तर निम्मा वाद तेथेच मिटतो. उरलेला निम्मा मिटत नाही; मात्र तो नेमका कशाबद्दल आहे हे तरी कळते.

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करू. मराठीत 'स्वर' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. सा, रे, ग हेही स्वर आणि आ, ई, ऊ हेही स्वर. या लेखात पहिल्याला आपण 'सूर' म्हणू आणि दुसऱ्याला 'स्वर'. सगळे भांडण या दोघांतलेच आहे.

सूर गळ्यात, स्वर तोंडात

सूर तयार होतो तो स्वरयंत्रात. तेथील दोन पडद्या सेकंदाला जितक्या वेळा उघडतात-मिटतात, तितकी त्या सुराची वारंवारता. बाईच्या साध्या बोलण्यात ती साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असते. पण या पडद्या फक्त २०० चा नाद देत नाहीत. त्याच्या पटीतले ४००, ६००, ८०० असे वरचे नादही त्यात मिसळलेले असतात. त्यांना आपण उपसूर म्हणू.

स्वर मात्र घडतो तो पडद्यांच्या वर, घसा आणि तोंड मिळून झालेल्या नळीत. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा ठरावीक नाद घुमतो, तशा या नळीलाही घुमण्याच्या ठरावीक जागा असतात. जीभ, जबडा, ओठ हलवले की त्या जागा सरकतात. जो उपसूर अशा जागेजवळ पडतो तो बलवान होतो, बाकीचे मंद राहतात. बलवान कोण आणि मंद कोण, या नक्षीवरून आपला कान 'आ' की 'ई' हे ओळखतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने पोकळ गोलांची अनुनादके कानाला लावून हे बलवान नाद शोधून काढले होते. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८६३ चा.

हे पटवून घ्यायला अनुनादके लागत नाहीत. आवाज न काढता, नुसत्या कुजबुजीने 'ऊ, ओ, आ, ए, ई' असे क्रमाने म्हणून पाहा. स्वरयंत्राच्या पडद्या कंप पावतच नाहीत, म्हणजे सूर नाही. तरीही काहीतरी पायरी-पायरीने वर चढल्याचा भास होतो. चढते ती नळीची घुमण्याची एक जागा.

बायकांच्या बोलण्यात 'ई'साठी पहिली जागा साधारण ३०० हर्ट्झला असते आणि दुसरी २,८०० च्या आसपास. 'ऊ'साठी पहिली साडेतीनशेच्या आसपास, दुसरी ९५० ला. 'आ'साठी ८५० आणि १,२००. माणसागणिक, भाषेगणिक हे आकडे थोडे हलतात, पण आपल्या कामाला पुरेसे आहेत.

कुंपणाचे खांब

आता एक चित्र डोळ्यांपुढे आणा. अंधारी रात्र आहे आणि समोर एक डोंगर आहे. डोंगर दिसत नाही, पण त्याच्यावरून गेलेल्या कुंपणाच्या प्रत्येक खांबावर दिवा आहे. खांब वीस-वीस पावलांवर असतील तर दिव्यांच्या ओळीवरून डोंगराचे सगळे चढउतार कळतील. तेच खांब अर्ध्या-अर्ध्या कोसावर असतील तर? दोन-तीन दिवे दिसतील आणि त्यांच्यामध्ये शिखर आहे की दरी, हे सांगता येणार नाही.

डोंगर म्हणजे तोंडाच्या नळीचा अनुनाद आणि दिवे म्हणजे उपसूर. बोलताना दिवे २०० हर्ट्झच्या अंतराने लागलेले असतात. आकार नीट दिसतो. सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या सर्वांत उंच जातीच्या आवाजाची गायिका, जेव्हा तिचा प्रसिद्ध 'वरचा सी' लावते, तेव्हा तिच्या सुराची वारंवारता सुमारे १,०४७ हर्ट्झ असते. पहिला दिवा १,०४७ वर, दुसरा २,०९४ वर, तिसरा ३,१४१ वर. 'ई'चे ३०० वरचे शिखर, 'ऊ'चे साडेतीनशेवरचे शिखर, दोन्ही पहिल्या दिव्याच्याही खाली, अंधारात. जी खूण कानाला हवी आहे तिच्या जागी ध्वनीच नाही. मग श्रोता कितीही तरबेज असो, तो ओळखणार कशावरून?

पेटीवर हा सूर कोठे येतो ते पाहिले की गोष्ट आणखी स्पष्ट होईल. आपल्याकडच्या शास्त्रीय गायिका बहुधा काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात. काळी पाचचा मध्य षड्ज सुमारे २३३ हर्ट्झ, तार षड्ज ४६६. सोप्रानोचा वरचा सी त्या तार षड्जाच्याही वर सप्तकभरापेक्षा अधिक! लुचियाच्या वेडाच्या प्रवेशात सदरलँडबाई ज्या टोकाच्या सुरावर पोहोचत, तो तर १,२४५ च्या घरातला. आपल्या गायिकांचे शब्द कळतात आणि यांचे कळत नाहीत, अशी तुलना करणाऱ्यांनी आधी हे अंतर मोजावे.

तोंड उघडण्याचा सौदा

पण हे झाले अर्धेच. गायिका स्वतःसुद्धा या हानीत भर घालते, आणि तेही जाणूनबुजून.

ऑपेरात ध्वनिक्षेपक नसतो. साठ-सत्तर वादकांच्या ताफ्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो नुसत्या गळ्याच्या जोरावर. समजा, तिला ७०० हर्ट्झच्या सुरावर 'ई' गायची आहे. बोलताना ठेवतो तसेच तोंड ठेवले, तर नळी ३०० ला घुमायला तयार आणि सूर ७०० ला. दोघांची गाठच नाही. आवाज बारीक आणि ताणलेला निघतो. तिने जबडा खाली सोडला, तोंड मोठे उघडले, की घुमण्याची पहिली जागा वर सरकत सरकत ७०० ला येते. आता नळी आणि सूर जुळले. तेवढ्याच श्रमात आवाज कितीतरी मोठा होतो. पण तोंड एवढे उघडल्यावर ती 'ई' 'ई' राहत नाही. ती 'आ'च्या गावाला निघालेली असते. म्हणूनच फार उंच सुरांवर गायिकेचे सगळे स्वर एकमेकांसारखे ऐकू येतात.

स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात हा सौदा उलगडून दाखवला. पुढे २००४ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जोलिव्हो, स्मिथ आणि वुल्फ यांनी तो प्रत्यक्ष मोजला. गाणाऱ्या सोप्रानोच्या ओठांपाशी एक बारीक नळी धरून तिच्यातून अनेक वारंवारतांचा मिश्र ध्वनी सोडायचा आणि तोंड त्यातले काय घुमवते ते शेजारच्या मायक्रोफोनने टिपायचे, अशी युक्ती. खालच्या सुरांवर प्रत्येक स्वराचा अनुनाद आपापल्या जागी होता. सूर त्या जागेच्या वर जाऊ लागला की अनुनाद त्याच्या बरोबरीने चढू लागे. हे काम सदरलँडबाईंच्याच गावात व्हावे, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटतो.

पुरुषांची गोष्ट वेगळी. टेनरचा वरचा सी ५२३ वरच थांबतो. शिवाय तालीम घेतलेले पुरुष गायक ३,००० हर्ट्झच्या आसपास अनुनादांची एक जुडी बांधतात; तेथे वाद्यवृंदाचा जोर ओसरलेला असतो आणि माणसाचा कान तीक्ष्ण असतो. सोप्रानोला वरच्या सुरांवर या युक्तीची गरज नसते. मायक्रोफोनपुढे गाणाऱ्यांना तर मोठ्या आवाजासाठी हा सौदा करावाच लागत नाही. पार्श्वगायिकांच्या शब्दोच्चाराचे कौतुक करताना तंत्राची ही मदत विसरू नये. कौतुक कमी करा असे मात्र आम्ही म्हणत नाही.

मग कॅलासबाईंचे काय?

साधारण ६०० ते ७०० हर्ट्झच्या वर स्वर ओळखू न येणे हा कोणाचाच दोष नाही; तेथे कॅलासही तशाच आणि सदरलँडही तशाच. पण ऑपेरातली गायिका सगळा वेळ काही त्या टोकावर बसलेली नसते. बरेचसे गाणे त्याच्या खाली असते, आणि तेथे स्वर वेगळे ठेवणे शक्य असते. ते ठेवायचे की नाही, ही तिची निवड.

शिवाय व्यंजने आहेत. 'स', 'श' यांचा ध्वनी कित्येक हजार हर्ट्झवर असतो. त्याला सुराशी देणेघेणे नाही. 'त', 'प', 'क' यांच्यात आधी क्षणभर शांतता आणि मग छोटासा स्फोट. तीही खूण उंच सुरावर टिकते. इटालियन भाषेत जोड-व्यंजनाने अर्थ बदलतो, म्हणून ती क्षणभराची शांतता नेमकी पाळणारी गायिका स्पष्ट वाटते. पण प्रत्येक व्यंजन म्हणजे सुराच्या सलग धाग्यात एक गाठ. सदरलँडबाईंच्या गाण्याचा प्राणच तो अखंड धागा होता. गाठी सैल ठेवल्या की धागा सुंदर दिसतो, शब्द मात्र निसटतात. कॅलासबाईंनी गाठी घट्ट मारल्या आणि धागा कधी कधी खरखरीत झाला तर होऊ दिला.

तेव्हा सदरलँडबाईंवरची तक्रार मधल्या सप्तकापुरती खरी होती असे आमचे मत आहे, आणि त्यांनाही ती पूर्ण खोटी वाटली नसावी. १९७० च्या दशकात त्यांनी उच्चार सुधारण्यावर मेहनत घेतली. टोकाच्या सुरांबद्दलची तक्रार मात्र चुकीच्या पत्त्यावर गेलेली.

चतुर संगीतकारांना हे गणित कानाने ठाऊक होते. लुचियाच्या त्याच प्रवेशात बासरीबरोबरची जी प्रसिद्ध जुगलबंदी आहे, तिच्यात शब्दच नाहीत, नुसत्या 'आ'कारातल्या ताना आहेत. (१८३५ च्या मूळ रचनेत दोनिझेत्तीने येथे बासरीऐवजी काचेच्या वाडग्यांचे वाद्य योजले होते आणि ही जुगलबंदी नंतरची भर आहे.) वाग्नरबद्दल तर स्मिथ आणि वुल्फ यांनी २००९ मध्ये गणतीच करून दाखवली: त्याच्या सोप्रानो भूमिकांत उंच सुरांवर 'आ'सारखे उघडे स्वर योगायोगाने यावेत त्याहून जास्त वेळा येतात. वाग्नर आपली संहिता स्वतःच लिही, हे येथे लक्षात घ्यावे.

आणि श्रोत्याचे काय? "मला तिचा शब्द न् शब्द कळला" असे सांगणाऱ्याला बहुधा तो शब्द आधीच माहीत असतो. पाठ असलेले गाणे आपण कानाने निम्मे आणि स्मरणाने निम्मे ऐकतो. १९८३ मध्ये कॅनेडियन ऑपेरा कंपनीने टोरंटोत रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी झळकवल्या आणि ती पद्धत जगभर पसरली. तेव्हापासून शब्द कळण्याचे श्रेय गायिकेचे किती आणि पडद्याचे किती, हे सांगणे आणखी कठीण झाले आहे.

वर्गात करून पाहा

गाण्याची सवय असलेली एक-दोन मुले किंवा मुली घ्या. पेटीवर एक खालची पट्टी धरा आणि त्या सुरावर 'आ', 'ई', 'ऊ', 'ए', 'ओ' हे स्वर उलटसुलट क्रमाने, प्रत्येकी तीन-चार सेकंद गायला सांगा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. मग सूर पायरी-पायरीने वर न्या, पण गळ्याला ताण जाणवला की तेथेच थांबा. कोणालाही ओढूनताणून वर चढवू नका. आता प्रत्येक स्वराची सुरुवात आणि शेवट कापून मधला एक सेकंद तेवढा ठेवा. हे फार महत्त्वाचे, कारण तोंड हलतानाची खूण सुरुवातीलाच चुगली करते. हे तुकडे क्रम बदलून वर्गाला ऐकवा आणि प्रत्येकाने काय ऐकले ते कागदावर लिहायला सांगा.

उत्तरांचा तक्ता करताना नुसत्या चुका मोजू नका. कोणत्या स्वराऐवजी कोणता लिहिला गेला तेही नोंदवा. सूर चढत गेला की चुका कोणत्या स्वराकडे झुकतात ते पाहा, आणि ते गाणाऱ्याच्या उघडलेल्या तोंडाशी जुळते का ते मुलांनाच तपासू द्या. आवाज पुरेसा उंच जात नसेल तर तक्ता सपाट येईल. मग मोठ्या माणसाच्या आणि लहान मुलीच्या आवाजात तोच प्रयोग करून दोन तक्ते शेजारी ठेवा.