टॉवेल मोजून का देतात?

समजा, तुम्ही एका मोठ्या क्रूझ जहाजावर सहलीला निघाला आहात. जहाज कसले, तरंगते गावच ते! २०२४ साली मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाचेच उदाहरण घ्या. लांबी सुमारे ३६५ मीटर, आणि पूर्ण भरले तर त्यात ७,६०० प्रवासी मावतात. पोहण्याचे तलाव आहेत, घसरगुंड्या आहेत, जेवणाखाण्याची चंगळ आहे. तुम्ही तलावाकडे जाता आणि टॉवेल मागता. तोच खिडकीपाशी बसलेला मनुष्य तुमच्या खोलीचे कार्ड मागतो आणि टॉवेल तुमच्या नावावर लिहून घेतो! सहल संपेपर्यंत तो परत केला नाही, तर त्याची किंमत तुमच्या बिलात लागते. कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या काही जहाजांवर एका टॉवेलमागे २५ डॉलरच्या आसपास आकारणी होते.

एवढ्या श्रीमंती थाटात हा कसला चिक्कूपणा, असे तुम्हांला वाटेल. पुष्कळ प्रवाशांना तसे वाटतेही. टॉवेल चोरीला जाऊ नयेत हा एक हेतू त्यामागे आहेच. पण तेवढाच नाही. समुद्राच्या मध्यावर एक टॉवेल धुऊन वाळवायचा म्हणजे काय काय करावे लागते, ते आपण पाहू.

आधी टॉवेलच नीट पाहू या. ज्याला आपण टर्किश टॉवेल म्हणतो, त्याच्या अंगावर सुताचे असंख्य बारीक फास असतात. सोलापूरचे असे टॉवेल तर भौगोलिक मानांकन मिळण्याइतके प्रसिद्ध आहेत. या फासांमधून आणि सुताच्या तंतूंमधून अगदी अरुंद वाटा तयार होतात. पाणी अशा वाटांत आपोआप चढते. यालाच केशाकर्षण म्हणतात. काचेच्या १ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, तर ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर! वाट जितकी अरुंद, तितके पाणी अधिक ओढले जाते. म्हणून साध्या पंचापेक्षा टर्किश टॉवेल अंग चटकन कोरडे करतो.

पण ज्या गुणामुळे टॉवेल पाणी पटकन पितो, त्याच गुणामुळे तो ते सहजासहजी सोडत नाही. खरी अडचण इथेच सुरू होते.

टॉवेल धुवायला गोडे पाणी लागते. सभोवार समुद्र असला तरी त्याचा इथे उपयोग नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही, साका तयार होतो. शिवाय कपड्यात मीठ राहते ते वेगळेच. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या मुलांना ठाऊक असेल, की समुद्रस्नानानंतरचा टॉवेल वाळला असे वाटते, पण संध्याकाळी हात लावावा तर पुन्हा दमट! समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइडसारखे क्षार दमट हवेतील बाष्प शोषून घेतात, म्हणून असे होते. असा टॉवेल गोड्या पाण्यात खळबळल्याखेरीज खऱ्या अर्थाने वाळतच नाही.

मग जहाजावर गोडे पाणी येते कोठून? काही बंदरात भरून घेतात, पण मोठी जहाजे पुष्कळसे पाणी स्वतःच तयार करतात. एक पद्धत ऊर्ध्वपातनाची. बंद भांड्यातील हवा काढून दाब वातावरणाच्या एक-दशांश केला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे ४६ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. एंजिन थंड ठेवताना तापलेले पाणी एरवी वायाच जायचे. त्याची उष्णता या कामी वापरता येते. दुसरी पद्धत उलट्या परासरणाची, म्हणजे पुष्कळ घरांत असते त्या आर. ओ. यंत्राचीच. मात्र समुद्राच्या पाण्याचा परासरणदाबच सुमारे २७ वातावरणे असतो. त्यावर मात करण्यासाठी पंपाने याच्या दुपटीहून अधिक दाब द्यावा लागतो. १,००० लिटर गोडे पाणी करायला साधारणतः ३ ते ४ युनिट वीज खर्ची पडते.

आता कागद-पेन्सिल घ्या. एक कोरडा टॉवेल ५०० ग्रॅमचा धरू. तो धुवायला ८ लिटर पाणी लागते असे मानू. हजार लिटरला ४ युनिट, म्हणजे ८ लिटरला ०.०३२ युनिट. त्यांपैकी ३ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवले असे धरा. ३ × ३५ = १०५ किलोकॅलरी. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेव्हा हा खर्च झाला सुमारे ०.१२ युनिट.

पुढे यंत्राने टॉवेल गरगर फिरवून पिळला, तरी त्यात २५० ग्रॅम पाणी उरले असे समजू. हे पाणी बारीक वाटांत अडकलेले. त्याची वाफच करावी लागते. ३० अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. ही पाण्याची अप्रकट उष्णता. २५० × ५८० = १,४५,००० कॅलरी, म्हणजे १४५ किलोकॅलरी किंवा सुमारे ०.१७ युनिट. मौज पाहा! ८ लिटर पाणी समुद्रातून गोडे करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या पाचपटीहून अधिक ऊर्जा पाव लिटर पाणी उडवायला लागते. यंत्रातून वाया जाणारी उष्णता आपण धरलेलीच नाही.

पाणी तयार करणे, तापवणे आणि टॉवेल वाळवणे मिळून एका टॉवेलला सुमारे ०.३२ युनिट झाले. ५,००० प्रवाशांनी दिवसाला एकेक टॉवेल वापरला तर सुमारे १,६०० युनिट आणि ४०,००० लिटर पाणी. प्रत्येकाने तीन-तीन घेतले तर? ४,८०० युनिट आणि १,२०,००० लिटर! यातील काही उष्णता एंजिनाच्या गरम धुरापासून मिळवता येते; बाकीची इंधन जाळूनच मिळवायची. मोजून टॉवेल देण्याचे मर्म आता ध्यानात येईल. काही प्रवासी सकाळीच खुर्चीवर टॉवेल टाकून जागा अडवतात आणि निघून जातात. त्या टॉवेलाने कोणाचेही अंग पुसलेले नसते, तरी तो धुवायला जातोच.

एक धोकाही आहे. अंगाला लावलेली तेले टॉवेलात उतरतात आणि धुऊनही पूर्णपणे निघत नाहीत. वनस्पतिजन्य तेलांचे हवेत ऑक्सिडीकरण होताना उष्णता बाहेर पडते. वाळवणयंत्रातून निघालेल्या गरम टॉवेलांचा तसाच ढीग रचला, तर ही उष्णता आत कोंडते, कारण कापूस आणि त्यात अडकलेली हवा या दोन्ही उष्णतेच्या दुर्वाहक आहेत. तापमान चढत जाऊन ढीग आपोआप पेटूही शकतो. म्हणून वाळवून झाल्यावर टॉवेल थंड हवेत फिरवून निववावे लागतात. भर समुद्रात आग लागली, तर पळून जायला जागा नसते. डेकच्या खाली, यंत्रांच्या घरघरीत हे काम करणारी माणसे असतात. क्रूझ जहाजांवर गोव्यातून आणि भारताच्या इतर भागांतून गेलेले पुष्कळ कामगार आहेत. प्रत्येक जादा टॉवेल शेवटी अशाच कोणाच्या तरी हातांतून जातो.

मग प्रवाशाने काय करावे? वाफ करण्याची उष्णता फुकट देणारा एक दाता डेकवर हजर असतो: ऊन आणि वारा. वारा टॉवेलालगतची दमट हवा सतत हटवतो, म्हणून पाणी भराभर उडते. उलट बंद खोलीत हवेची सापेक्ष आर्द्रता वाढत जाते आणि वाळणे मंदावते. मात्र उघड्यावर टॉवेल पक्का अडकवायला हवा, नाही तर तोच वारा त्याला समुद्रात नेईल आणि २५ डॉलर आपल्या नावावर पडतील!

हे सारे घरीही पडताळून पाहता येईल. सारख्या वजनाचे दोन नॅपकिन घ्या. दोन्ही सारखेच भिजवून पिळा आणि तराजूवर तोला. एकाची घडी घालून ठेवा, दुसरा पंख्याच्या वाऱ्यात पसरा. दर अर्ध्या तासाने वजन टिपून आलेख काढा. मग एक नॅपकिन मिठाच्या पाण्यात भिजवून हाच प्रयोग पावसाळ्यात करा. किती ग्रॅम पाणी उडाले ते ५८० ने गुणा. दोरीवरचा एक नॅपकिन वाळवताना निसर्गाने तुम्हांला किती उष्णता फुकट दिली, ते तुमच्याच वहीत उतरेल.