कामगारांच्या सूचनांचे मोजमाप कसे करावे?



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या अनेक घरांतली मुले आज रांजणगावच्या नाही तर कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. घरी आली की तिथल्या गोष्टी सांगतात. त्यांतली एक गोष्ट सूचनांची. कामगाराने चिठ्ठीवर सूचना लिहून द्यायची, महिन्याच्या शेवटी कुठल्या खात्याच्या किती सूचना आल्या ते फळ्यावर लागते, बक्षीस मिळते. हे ऐकून सभासद आम्हाला विचारतात, "मग आपल्या कारखान्यातही अशी पेटी लावा की!" पेटी लावणे अवघड नाही. एक सुतार दुपारपर्यंत करून देईल. अवघड आहे ते पुढचे: त्या चिठ्ठीने खरोखर काय झाले, हे सांगणे. ऊस तुमचा, भांडवल तुमचे, म्हणून हा हिशेब तुम्हाला मागता आला पाहिजे. यासाठी हा लेख.

ही पद्धत नवी नाही. स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे विल्यम डेनी यांच्या जहाजबांधणी कारखान्यात १८८० सालीच कामगारांच्या सूचनांना बक्षिसे देण्याची योजना सुरू झाली. अमेरिकेत कोडॅक कंपनीने १८९८ मध्ये अशीच योजना काढली, आणि खिडक्या धुवा म्हणजे कामाला उजेड मिळेल, एवढे सुचवणाऱ्या कामगाराला दोन डॉलर दिले. आपल्या देशात जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९३२ साली सूचनापेटी आली. जपानच्या टोयोटाने १९५१ मध्ये, अमेरिकेतल्या फोर्ड कारखान्यात पाहिलेली रीत घरी आणली, आणि पुढच्या चाळीस वर्षांत तिथे दोन कोटी सूचना जमल्या.

दोन कोटी! आकडा ऐकून माणूस गप्प होतो. पण आपण शेतकरी आहोत. फडात किती मोळ्या बांधल्या यावर आपण कधी पट्टी घेतली आहे काय? वजन काट्यावर होते. सूचनांची संख्या म्हणजे मोळ्यांची संख्या. कामगारांचा उत्साह तिच्यावरून कळतो, उपयोग कळत नाही. ज्या ठिकाणी नुसत्या संख्येवर शाबासकी मिळते तिथे दिवा इथे लावा, बादली तिथे ठेवा, अशा चिठ्ठ्यांचा ढीग पडतो आणि मुख्य दुखणे तसेच राहते.

आता साखर कारखान्याचे घेऊ. उसातली सगळी साखर पोत्यात येत नाही. काही बगॅसमध्ये, म्हणजे रस काढून राहिलेल्या भुशात जाते, काही प्रेसमडमध्ये, सर्वांत जास्त मळीत, आणि थोडी कुठे गेली याचा पत्ताच लागत नाही. ही सगळी गळती मिळून उसाच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के भरते. प्रयोगशाळेत तिचे आकडे रोज लिहिले जातात. सूचना मोजायची तर ती या गळतीपैकी कुठल्या भोकावर बोट ठेवते, हे आधी पाहायचे.

समजा, मिल हाऊसमधल्या एका फिटरने सुचवले की, शेवटच्या मिलपाशी भुशावर जे गरम पाणी सोडतो, त्या नळीची भोके बुजलेली असतात, पाणी मधेच पडते आणि कडेचा भुसा कोरडा राहतो. नळी बदलून पाणी सगळ्या रुंदीवर सारखे पसरवा. बरं, बदलली. बगॅसमधल्या साखरेचे प्रमाण, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत पोल, २ टक्क्यांवरून १.९ वर आले. एक दशांश टक्का. ऐकायला काहीच नाही. पण कारखान्याने पाच लाख टन ऊस गाळला असेल तर त्यात शेकडा २८ प्रमाणे १ लाख ४० हजार टन बगॅस निघते, आणि तिच्यातून १४० टन साखर जास्त धुऊन रसात येते. त्यातलीही काही पुढे मळीत जाणार. जपून १०० टनच धरू. म्हणजे उसाच्या टनामागे दोनशे ग्रॅम.

दोनशे ग्रॅम साखरेचे मोल किती? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. टनाच्या भाषेत, एक किलो साखर वाढली की ३४ रुपये ६० पैसे. त्या हिशेबाने दोनशे ग्रॅमचे ६ रुपये ९२ पैसे होतात. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला हे ६९२ रुपये, आणि साऱ्या कारखान्याचे मिळून साडेचौतीस लाखांवर. एका नळीचे!

पण थांबा. इथेच बहुतेक ठिकाणी टाळ्या वाजतात आणि हिशेब अर्धा राहतो. पाणी जास्त सोडले असेल तर ते पुढे आटवावे लागते. आटवायला वाफ लागते, वाफेला बगॅस जळते. जिथे सहवीजनिर्मिती आहे तिथे तेवढी वीज विकायची राहते. नळीचा, मजुरीचा, ती बसवताना मिल बंद राहिली असेल तर त्या तासांचा खर्च वजा झालाच पाहिजे. खर्च वजा जाऊन जे उरेल तो त्या सूचनेचा खरा फायदा.

दुसरी अडचण याहून मोठी. नळी डिसेंबरात बदलली आणि फेब्रुवारीत कारखान्याचा उतारा अर्ध्या टक्क्याने चढला, तर ते श्रेय नळीचे काय? थंडी पडली की उसात साखर भरते आणि उतारा आपोआप चढतो, मार्चच्या उन्हात उतरतो. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. जातही बदलते. को ८६०३२ चे फड संपून फुले २६५ चे सुरू झाले की चोयट्याचे प्रमाण बदलते. शिवाय बी-हेवी मळी किंवा रसच इथेनॉलकडे वळवला तर पोत्यातली साखर कमी दिसते, मग मागच्या सालचा उतारा आणि यंदाचा उतारा शेजारी ठेवण्यात अर्थ उरत नाही. म्हणून आमचे मत असे, की मोजमाप सूचनेच्या सर्वांत जवळच्या काट्यावर करावे. नळीची सूचना असेल तर बगॅसची पोल पाहावी, कारखान्याचा अंतिम उतारा पाहू नये. आणि होत असेल तर काही दिवस नवी रीत, काही दिवस जुनी, अशी आलटून पालटून करून दोन्हींचे आकडे त्याच महिन्यातल्या त्याच उसावर घ्यावेत. रात्रपाळी आणि दिवसपाळी दोन्ही बाजूंना सारख्या याव्यात, नाही तर नळीऐवजी पाळीचीच तुलना व्हायची.

आणखी एक गंमत आहे. आपल्यावर कोणी लक्ष ठेवून आहे असे कळले की माणूस जपून काम करतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांपासून या गोष्टीची चर्चा चालू आहे. आपल्याकडे बँकेचा साहेब पाहणीला येणार म्हटले की गोठा कसा लख्ख होतो, तसेच ते. म्हणून पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर बक्षीस देऊ नये. हंगाम संपताना पुन्हा मोजावे आणि पुढच्या हंगामात आणखी एकदा. नळीची भोके पुन्हा बुजली असतील तर तेही तेव्हा उमगते.

आता अशी सूचना घेऊ, की जिचा फायदा कारखान्याच्या वहीत दिसणारच नाही. काट्यावरच्या कारकुनाने सुचवले की, गाड्यांना आल्या क्रमाने नंबर देण्यापेक्षा ऊस तुटल्याच्या वेळेप्रमाणे द्या, म्हणजे आधी तुटलेला ऊस आधी गव्हाणीत जाईल. तुटलेला ऊस उन्हात पडून राहिला की वाळतो. वजन घटते ते सभासदाचे. उसातली साखरही बिघडत जाते, तो तोटा दोघांचा. पण पाणी उडून गेलेल्या उसात साखरेचा टक्का कधी कधी चढलेला दिसतो! मग नुसत्या टक्क्यावर नजर ठेवणारा अधिकारी म्हणेल, या सूचनेने काही झाले नाही, उलट टक्का उतरला. आणि तिकडे शेतकऱ्याच्या पट्टीवर वजन वाढलेले असेल. इथे मोजायचे ते तोडणीपासून गव्हाणीपर्यंतचे तास. चिटबॉयच्या चिठ्ठीवर तोडणीची वेळ लिहिली आणि काट्यावर वजनाची, तर हा हिशेब दोन ओळींत निघतो. आज किती चिठ्ठ्यांवर तोडणीची वेळ खरी लिहिली जाते, हा प्रश्न आम्ही शेतकी खात्यावर आणि तुमच्यावरही सोडतो.

काही सूचनांचे रुपये करू नयेत. उघड्या गव्हाणीला कठडा घाला असे एखादा हंगामी कामगार लिहून देतो. त्याने किती हात-पाय वाचले ते कोणत्या वहीत मांडणार? कठडा घालायचा, आणि अपघातांची व थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंद ठेवायची, एवढे पुरे.

राहता राहिला माणूस. आम्ही अशा जागा पाहिल्या आहेत, जिथे चिठ्ठी खलाशाने दिली आणि अहवालात नाव साहेबाचे लागले. त्यानंतर तिथली पेटी रिकामी राहिली, हे सांगायला नको. दुसरी भीती अशी, की आपल्या सूचनेने दोन माणसांचे काम एकात झाले तर उद्या आपल्याच भावाचे काम जाईल. ही भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. सूचनेमुळे कुणाला कमी केले जाणार नाही, असे संचालक मंडळाने आधी लेखी दिले पाहिजे. तसेच चिठ्ठी नाकारली तर का नाकारली, ते पंधरा दिवसांत त्या कामगाराला सांगितले पाहिजे. पेटी किती जिवंत आहे हे पाहायचे असेल तर आम्ही दोनच आकडे विचारू: उत्तर मिळायला किती दिवस लागले, आणि मान्य झालेल्यांपैकी किती सूचना पुढच्या हंगामातही चालू राहिल्या.

वार्षिक अहवालात गळप, उतारा, मळी, बगॅस यांचे तक्ते असतात. त्यांच्या खाली आणखी एक लहान तक्ता मागता येईल: सूचना कुणाची, कोणत्या खात्यातली, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, खर्च, खर्च वजा जाता टनामागे किती पैसे. साधारण सभेपूर्वी अहवाल हाती येतो तेव्हा सभासदांनी तो शेवटच्या पानापर्यंत चाळावा, आणि हा तक्ता नसेल तर तसा प्रश्न सभेआधी लेखी द्यावा.